टाळूची स्वच्छता आणि केसांची वाढ : कोकण किनाऱ्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात केसांच्या काळजीचा विषय निघाला की बोलणे खोबरेल तेलापासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. केस ज्या कातडीतून उगवतात तिची आठवण मात्र ती खाजू लागल्यावरच होते. वेंगुर्ल्यापासून अलिबागपर्यंतच्या दमट पट्ट्यात डोक्याच्या त्वचेची तक्रार कोरडेपणाची क्वचितच असते. ती असते साचलेल्या घामाची, तेलाची आणि लवकर न वाळणाऱ्या ओलाव्याची. पुढील उत्तरे हे ध्यानात ठेवून लिहिली आहेत. ‘टाळू’ हा शब्द आपण तोंडातल्या टाळूसाठी आणि तान्ह्या बाळाच्या माथ्यासाठीही वापरतो. येथे, बाळाची टाळू भरण्याचा प्रश्न वगळता, तो केस उगवणाऱ्या डोक्याच्या संपूर्ण त्वचेसाठी योजला आहे.

टाळू स्वच्छ ठेवल्याने केस खरोखर वाढतात का?

स्वच्छतेने नवे केस उगवत नाहीत. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केसांची मुळे असतात आणि त्यांची संख्या जन्मापूर्वीच ठरलेली असते. प्रत्येक केस २ ते ७ वर्षे वाढत राहतो, महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, सुमारे तीन महिने तो नुसता मुळाशी टिकून राहतो आणि मग गळतो. हे चक्र किती लांब चालेल, हे आनुवंशिकता, वय, संप्रेरके आणि आहार यांवर अवलंबून असते. त्यात साबणाचा किंवा शॅम्पूचा काही वाटा नाही.

मग स्वच्छतेचा उपयोग काय? टाळूवर कोंडा, खाज आणि दाह टिकून राहिला तर उगवणारा केस खरबरीत आणि अशक्त निघतो, वाढीच्या अवस्थेतले काही केस वेळेआधी गळतात आणि खाजवणाऱ्या नखांनी आणखी काही तुटतात. बेणणीने, म्हणजे तण काढण्याने, भात पेरले जात नाही, परंतु बेणणी न केलेल्या कुणग्यात (भाताच्या तुकड्यात) ते नीट पोसतही नाही. टाळू धुण्याचे महत्त्व तेवढेच आहे. त्याहून अधिक आश्वासन देणारी बाटली दिसली तर ती दुकानातच राहू द्यावी.

टाळूवर नेमके काय साचते?

केसाच्या प्रत्येक मुळाला लागून तेल पाझरणारी एक सूक्ष्म ग्रंथी असते. तिचे तेल, घाम, घामातले मीठ, त्वचेच्या झडलेल्या पेशी, रस्त्यावरची लाल धूळ आणि आपण वरून घातलेले तेल यांचा मिळून एक चिकट थर तयार होतो. त्या थरावर मलासेझिया नावाची यीस्टच्या जातीची बुरशी राहते. ती जवळपास प्रत्येकाच्या डोक्यावर असते, त्यामुळे तिचे नाव ऐकून घाबरण्याचे कारण नाही. ती तेलाचे विघटन करते आणि त्यातून सुटणारी काही मेदाम्ले ज्यांच्या त्वचेला सोसत नाहीत, त्यांना खाज आणि कोंडा होतो. एकाच घरात, एकाच विहिरीच्या पाण्याने न्हाणाऱ्या दोन बहिणींपैकी एकीलाच कोंडा का होतो, याचे उत्तर या वैयक्तिक फरकात आहे.

खोबरेल तेल लावावे की लावू नये?

हा प्रश्न किनाऱ्यावर थोडा भावनिक आहे, म्हणून त्याचे दोन भाग करणे बरे. केसांसाठी खोबरेल उत्तम आहे. त्याचा जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो आणि त्याचे रेणू लहान व सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरू शकते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली गेली. धुताना केसांतून होणारा प्रथिनांचा ऱ्हास केवळ खोबरेलाने लक्षणीयरीत्या कमी झाला. हा अभ्यास तेल विकणाऱ्या कंपनीच्याच शास्त्रज्ञांनी केला होता हे विसरू नये, तरी न्हाण्यापूर्वी तेल लावलेले केस कमी तुटतात हा आपल्या आज्या-पणज्यांचा अनुभवही त्याच्याशी जुळतो.

टाळूसाठी मात्र उत्तर वेगळे आहे. तेल मुळाला ‘पोसते’ ही समजूत खरी नाही, कारण मुळाचे पोषण रक्तातून होते. शिवाय मलासेझियाला स्वतःची मेदाम्ले तयार करता येत नाहीत. ती बाहेरून मिळवावी लागतात आणि खोबरेलातले लॉरिक आम्ल तिच्या उपयोगी पडणाऱ्या मेदाम्लांपैकीच एक आहे. कोंडा झालेल्या टाळूवर रात्रभर तेल थापले की पापुद्रे ओले होऊन केसांना चिकटतात, दिसेनासे होतात आणि कोंडा गेला असे वाटते. खाली तो वाढतच असतो. म्हणून ज्यांना कोंडा, खाज किंवा केसतोड (केसाच्या मुळाशी उठणारे फोड) यांचा त्रास आहे त्यांनी टाळूला तेल लावू नये, कानाच्या पातळीपासून खाली केसांच्या टोकांपर्यंत लावावे. ज्यांची टाळू निरोगी आहे त्यांनी न्हाण्यापूर्वी तास-दोन तास हलक्या हाताने लावण्यास हरकत नाही. परंतु सकाळी तेल लावून, चप्प भांग पाडून दिवसभर उन्हाघामात फिरण्याची शाळकरी वयापासूनची सवय या हवेत सोडण्यासारखी आहे.

तेल कोणते, यापेक्षा ते ताजे आहे का हे अधिक पाहावे. पावसाळ्यात नीट न वाळलेल्या खोबऱ्याला बुरशी येते आणि त्याचे घाण्यावरून काढून आणलेले तेल लवकर खवट होते. ते डोक्याला लावू नये आणि स्वयंपाकातही वापरू नये. कोकमाच्या बियांचे मुठेल भेगाळलेल्या टाचांसाठी फार चांगले आहे, पण ते घट्ट आणि धुण्यास कठीण असल्यामुळे ते टाचांपुरतेच ठेवावे.

आठवड्यातून किती वेळा डोक्यावरून आंघोळ करावी?

याला एकच संख्या नाही. तेलकट टाळू असलेल्यांनी, कलमांवर आंबे काढणाऱ्यांनी, होडीवर किंवा उन्हात काम करणाऱ्यांनी मार्च ते मे या काळात एक दिवसाआड धुतले तरी चालते. लांब, कुरळे किंवा रंगवलेले केस असलेल्यांना आठवड्यातून दोनदा पुरेसे होते. दुसऱ्या दिवशी भांगात बोट फिरवून ते तेलकट लागले किंवा टाळूला आंबूस वास येऊ लागला तर धुण्याची वेळ झाली, असे समजावे. वारंवार धुतल्याने केस गळतात असे वाटते, कारण आधीच सुटलेले केस न्हाताना एकदम मोरीच्या जाळीवर जमा होतात. रोज ५० ते १०० केस गळणे सामान्य आहे; चार दिवसांनी न्हाल्यास चार दिवसांचे केस एकत्र दिसतात एवढेच.

सोमवारी, शनिवारी किंवा एकादशीला न्हाऊ नये हा घराघरांतल्या श्रद्धेचा भाग आहे आणि ज्यांना तो पाळायचा त्यांना इतर वार मोकळे आहेत. मासिक पाळीत मात्र चौथ्या दिवसापर्यंत केस धुऊ नयेत, या नियमाला वैद्यकीय आधार नाही.

धुण्याची योग्य पद्धत कोणती?

शॅम्पू हा शब्दच आपल्याकडच्या चंपीशी नाते सांगतो. चांपणे म्हणजे दाबून मालिश करणे. हा शब्द इंग्रजीत गेला, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शेख दीन मुहम्मद या भारतीयाने इंग्लंडमधील ब्रायटन येथे चंपीची स्नानगृहे चालवली आणि पुढे त्याच शब्दाला केस धुण्याचा अर्थ चिकटून तो बाटलीत बसून आपल्याकडे परत आला. धुतानाही चंपी हाच भाग महत्त्वाचा असतो. आधी कोमट पाण्याने केस मुळापर्यंत पूर्ण भिजवावेत. बंबातले कढत पाणी तसेच डोक्यावर घेऊ नये, त्याने त्वचा लाल होते आणि खाज वाढते. शॅम्पू एका तांब्यात थोड्या पाण्यात कालवून घ्यावा, म्हणजे तो एकाच जागी साचत नाही. बोटांच्या पेरांनी, नखे न लावता, कानांमागे आणि मानेच्या रेषेपर्यंत दीड-दोन मिनिटे चोळावे. केसांची लांबी वेगळी घासण्याची गरज नसते. ओघळणारा फेस तिला पुरतो. चोळण्यास जेवढा वेळ दिला त्याहून अधिक वेळ फेस काढण्यास द्यावा, कारण राहिलेला शॅम्पूसुद्धा पापुद्र्यांसारखा दिसतो आणि लोक त्याला कोंडा समजून आणखी शॅम्पू लावतात. कंडिशनर टाळूला लावू नये.

अंगाला लावायचा साबण डोक्याला वापरू नये. त्वचेचा सामू (पीएच) साधारण ५.५ असतो आणि साबणाचा ९ ते १०. त्यामुळे केस राठ होतात आणि त्वचेचा वरचा थर बिघडतो.

शिकेकाई, रिठा, जास्वंद यांनी टाळू स्वच्छ होते का?

होते. शिकेकाई आणि रिठा यांत फेस देणारी सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात आणि ती तेल उचलतात. अडचण त्यांच्या वापरण्याच्या रीतीत आहे. भरड पूड थेट चोळली की कण टाळूवर राहतात आणि ओरखडेही उठतात. म्हणून रात्री भिजवून, सकाळी उकळून, फडक्यातून गाळून घेतलेले पाणीच वापरावे. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेल्यास फार झोंबते. परसातल्या जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत रस केसांना मऊपणा देतो, पण तो गाळलेला असावा आणि नंतर पूर्ण धुतला जावा. जोराचा कोंडा असेल तर या कशानेही बुरशी पुरेशी आटोक्यात येत नाही.

लिंबू आणि खाण्याचा सोडा हे दोन्ही टाळावेत. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. अलीकडे भाताची पेज केसांना लावण्याची टूम निघाली आहे. पेज प्यावी, ती टाळूवर वाळली तर खळ घातलेल्या कापडासारखा थर तेवढा बसतो.

आमच्या विहिरीचे पाणी मे महिन्यात मचूळ होते. त्याने केस गळतात का?

जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी सहसा मऊ असते. समुद्रालगतच्या वाड्यांत मात्र उन्हाळ्यात गोड्या पाण्याची पातळी खाली गेली की खारे पाणी आत शिरते. अशा पाण्याने मुळांना इजा होत नाही. केस मात्र राठ होतात, गुंततात आणि विंचरताना मध्येच तुटतात. अशा दुष्फेन, म्हणजे साबणाला नीट फेस न येणाऱ्या, पाण्यात साबण लावला तर त्याचा पांढुरका साका टाळूवर बसतो, शॅम्पूचा तसा बसत नाही. धुणे मचूळ पाण्याने करून शेवटचे दोन तांबे गोड्या पाण्याचे घेतले तर बराच फरक पडतो. पिण्याचे पाणीच टँकरने येणाऱ्या गावात हा सल्ला देणे अवघड आहे, म्हणून तिथे न्हाण्याचे दिवस कमी करून शॅम्पू पातळ करून वापरणे अधिक व्यवहार्य ठरते. समुद्रात डुंबून आल्यावर मात्र मीठ केसांवर वाळू देऊ नये, लगेच धुवावे.

पावसाळ्यात केस वाळतच नाहीत. काय करावे?

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत किनारपट्टीवर साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि दोरीवरचे पंचेही चार-चार दिवस ओले राहतात. तिथे कमरेपर्यंतच्या केसांची काय कथा. ओल्या केसांचा अंबाडा बांधला की आतील टाळू तासन्‌तास दमट राहते, तिला कुबट वास येतो आणि केसतोड उठतात. या दिवसांत रात्री न्हाऊ नये, सकाळी न्हावे. जाड टॉवेलने खसाखसा पुसण्यापेक्षा पातळ सुती पंचा दाबून पाणी टिपावे, केस मोकळे सोडून पंख्याखाली बसावे आणि प्रथम मुळे वाळवावीत. टोके मागाहून वाळली तरी चालतात. केस वाळवण्याचे यंत्र वापरायचे असेल तर कोमट हवेवर आणि वीतभर अंतरावरून वापरावे. चुलीच्या धगीवर केस धरणे धोक्याचे आहे, आणि धुराची काजळी टाळूवर बसते ती वेगळीच. शेतावरून किंवा बाजारातून भिजून आल्यावर आंघोळ शक्य नसली तरी निदान केस सोडून कोरडे करावेत.

कोंड्यासाठी औषधी शॅम्पू कसा वापरावा?

बहुतेकांना औषध मिळते, पण वेळ कमी पडतो. केटोकोनाझोल २ टक्के असलेला शॅम्पू टाळूवर लावून ३ ते ५ मिनिटे ठेवावा लागतो. लावला आणि लगेच धुतला तर त्याचा उपयोग नगण्य होतो. आठवड्यातून दोनदा याप्रमाणे दोन ते चार आठवडे वापरून पुढे आठवड्या-पंधरवड्यातून एकदा वापरल्यास कोंडा दबून राहतो. झिंक पायरिथिऑन, सेलेनियम सल्फाइड आणि जाड पापुद्रे असल्यास सॅलिसिलिक आम्ल हेही पर्याय आहेत. कोंडा कायमचा जात नाही, तो आटोक्यात ठेवावा लागतो, हे आधीच माहीत असले तर निराशा कमी होते. गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांसाठी डॉक्टरांना विचारूनच औषध निवडावे.

गणपतीनंतर अचानक मूठ-मूठ केस गळू लागले. टाळू अस्वच्छ असल्यामुळे का?

बहुधा नाही. डेंगी, मलेरिया, विषमज्वर यांसारखा मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा उपासमारीसारखा कडक आहार यांमुळे बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. आषाढात आलेल्या तापाचे केस नवरात्राच्या सुमारास गळतात आणि दोष मात्र गणपतीसाठी मुंबईहून आलेल्या पाहुण्यांच्या शॅम्पूला लागतो. अशी गळती सहसा सहा महिन्यांत थांबते. बाळंतपणानंतरची बहुधा वर्षभरात भरून निघते. ती लांबली तर रक्तातले लोह आणि थायरॉइड तपासून घ्यावे. पुरुषांमध्ये कपाळाच्या कडेने आणि स्त्रियांमध्ये भांग रुंदावत होणारे विरळपण हे आनुवंशिक असते, ते धुण्याने थांबत नाही; त्यासाठी मिनॉक्सिडिलसारखी औषधे आहेत आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावीत.

मुलांच्या डोक्यात उवा झाल्या म्हणजे आमचे घर अस्वच्छ आहे का?

मुळीच नाही. ऊ उडत नाही आणि उडीही मारत नाही. ती डोक्याला डोके लागल्याने पसरते आणि धुतलेल्या केसांतही तितक्याच सुखाने राहते. पर्मेथ्रिन १ टक्का लोशन धुतलेल्या, टिपलेल्या केसांना लावून १० मिनिटांनी धुवावे आणि लिखांतून नवी पिल्ले ७ ते १० दिवसांत निघत असल्याने साधारण नवव्या दिवशी पुन्हा लावावे. ओल्या केसांत बारीक दातांची फणी दर तीन-चार दिवसांनी, दोन आठवडे, चिकाटीने फिरवणे हेही औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. घरातल्या सर्वांची डोकी एकाच दिवशी तपासावीत. रॉकेल लावू नये. आंब्याच्या कलमांवर फवारायचे औषध उवांसाठी वापरण्याचा विचारही मनात आणू नये. ते टाळूतून रक्तात जाते आणि जिवावर बेतू शकते.

बाळाची टाळू भरावी का? जावळ काढल्यावर केस दाट येतात का?

टाळूवर थोडे तेल हळुवार लावण्यात गैर नाही, परंतु ते जिरवण्यासाठी मऊ जागेवर दाब देऊ नये. ती जागा बहुधा दीड वर्षापर्यंत हाडाने भरून येते आणि ती तेलाने भरत नाही. कानांत आणि नाकात तेल घालू नये. बाळाच्या डोक्यावर पिवळसर खपल्या धरल्या असतील तर तेल लावून काही मिनिटांनी मऊ ब्रशने सैल कराव्यात आणि धुऊन टाकाव्यात. नखाने ओरबाडू नयेत. जावळ हा संस्कार म्हणून हौसेने करावा. त्याने मुळांची संख्या वाढत नाही. कापलेल्या केसाचे टोक बोथट असल्यामुळे नवे केस हाताला जाड लागतात.

डोक्यावर मासळीची पाटी वाहणाऱ्या बायकांनी आणि हेल्मेट वापरणाऱ्यांनी काय करावे?

चुंबळीच्या जागी टाळूवर सतत दाब आणि घर्षण होते आणि तिथले केस विरळ होतात. चुंबळ मऊ सुती कापडाची असावी, दोन असाव्यात, म्हणजे एक रोज धुऊन वाळवता येते. पाटीतून गळणारे पाणी डोक्यावर झिरपत असेल तर चुंबळीखाली प्लॅस्टिकचा तुकडा ठेवता येतो, मात्र तो टाळूला थेट लागू नये. हेल्मेटने केस गळत नाहीत. आतील ओले अस्तर मात्र धुवावे आणि खाली पातळ सुती रुमाल बांधावा. हेल्मेट न घालण्यासाठी केसांचे कारण पुढे करणाऱ्यांची दया येते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

एका जागी गोल, गुळगुळीत चाई पडली तर तिच्यावर कांदा, लसूण घासत बसू नये. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच मुळांवर उलटल्याने ती होते. मुलाच्या डोक्यावर खवलेदार चकंदळ, तुटलेले केस किंवा पू असलेली सूज दिसली तर ते बहुधा गजकर्ण असते आणि ते मलमाने बरे होत नाही, पोटातून औषध घ्यावे लागते. उशीर झाल्यास व्रण राहून तिथे केस पुन्हा येत नाहीत. केसांच्या रेषेबाहेर पसरणारे जाड, चंदेरी पापुद्रे सोरायसिसचे असू शकतात. औषधी शॅम्पू महिनाभर नीट वापरूनही खाज थांबली नाही तरीही जावे.

कंगवा, उशी यांचे काय?

कंगवा आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून जुन्या दात घासण्याच्या ब्रशने साफ करावा. उशीचा अभ्रा आठवड्याला बदलावा, तेल लावून झोपणाऱ्यांनी त्याहून लवकर.

न्हाल्या-न्हाल्या गजरा माळला तर चालतो का?

न्हाल्यावर सुरंगीचा वळेसर माळण्याची हौस समजण्यासारखी आहे आणि सुरंगीचा हंगामही थोडाच असतो. केस आधी मुळांशी वाळू द्यावेत, वळेसर सैल वेणीवर माळावा, टाळूला घट्ट टाचू नये आणि निजण्यापूर्वी काढून ठेवावा. उशाशी ठेवला तरी खोलीभर वास राहतोच.